सर्वनामांतून माणूस उभा करणारी कार्यशाळा

दादरला झालेल्या या कथालेखन कार्यशाळेतील सर्वांत मोलाचे सत्र सर्वनामांवरचे होते. चारचौघांत नवऱ्याचा उल्लेख 'हे' असा करणारी आणि त्याच्याशी 'तुम्ही' म्हणूनच बोलणारी गिरणगावातली सून भांडणात अचानक 'तू'वर येते, तेव्हा लेखकाला तिचा राग वेगळा सांगावा लागत नाही, हे मार्गदर्शकांनी सहभागींच्याच उताऱ्यांवरून पटवून दिले. 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते. त्यामुळे चाळीच्या पुनर्विकासाबद्दल भाडेकरूंशी बोलणारा घरमालक यांतले कोणते निवडतो, यावरून त्याचा हेतू कळतो. एवढ्या एका भागासाठीही शुल्क सार्थकी लागले. आगरी आणि कोळी बोलींतील संवादांना मात्र फारच कमी वेळ मिळाला, याची खंत वाटते. जाताना स्वतःचा संवादप्रधान उतारा अवश्य न्यावा.