बी.एस्सी. बायोटेक, कर्जासकट घ्यावी का?

माझा धाकटा भाऊ २०१९ साली नारायणगावहून पुण्यात आला आणि बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला बसला. विनाअनुदानित कोर्स, वर भाड्याची खोली. मी त्याच्या आधी पुण्यातच मायक्रोबायोलॉजी केलं, तेही अनुदानित तुकडीत. फी वर्षाला दहा-बारा हजार. आता चाकणच्या बाजूला इंजेक्शनच्या कंपनीत क्यूसी-मायक्रोला आहे, म्हणजे मालात जंतू नाहीत ना हे तपासते. एकाच घरात दोन्ही माल आल्यामुळे तुलना करायचा अधिकार मला आहे असं मी समजते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण दुखणं एका कॉलेजचं नाही.

आधी चांगलं. शिकवणं खरोखर चांगलं होतं. पेशी, जनुकं, इम्युनॉलॉजी, टिश्यू कल्चर, सगळं मन लावून. तिसऱ्या वर्षाचा त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट मी वाचला, माझ्या वेळी आम्हाला इतकं लिहिता येत नव्हतं. पण मधलं वर्ष कोविडमध्ये गेलं आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं तंत्र, त्याने मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिला. लॅब फी मात्र पूर्ण घेतली. पावतीवर 'प्रयोगशाळा शुल्क' छापलेलं आहे, मी जपून ठेवलंय.

आता किंमत. फी, खोली, मेस धरून वर्षाला १ लाख २० हजारांप्रमाणे ३ लाख ६० हजारांचं शैक्षणिक कर्ज काढलं. चार लाखांच्या आत असल्याने तारण नाही, स्वतःचा हिस्सा नाही, बाबा सहकर्जदार. जुन्नरच्या तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणला की निम्मं काम झालं. बँकेतल्या साहेबांनी 'कोर्स संपल्यावर एक वर्ष हप्ताच नाही' हे इतक्या प्रेमाने सांगितलं की बाबांना ती माफीच वाटली.

हप्ता नसतो, व्याज असतं. १० टक्के दर धरा. पहिल्या वर्षी उचललेल्या पैशावर चार वर्षं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन. सरळव्याजाने झाले १ लाख ८ हजार, आणि ते मुद्दलात मिळवले गेले. ४ लाख ६८ हजारांवर सात वर्षांचा हप्ता ७,७६९ रुपये. शेवटपर्यंत भरले की एकूण साडेसहा लाखांच्या वर. शिकत असतानाच ते व्याज दरमहा भरत गेलो असतो, पहिल्या वर्षी महिना हजारभरच येतं, तर हप्ता ५,९७६ वर राहिला असता. काही बँका असं भरणाऱ्याला व्याजदरात थोडी सूटही देतात. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

करसवलतीचंही तसंच. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, पण फक्त जुन्या कररचनेत. शिवाय पहिल्या नोकरीचा पगार हातात १६ हजार. त्यावर करच लागत नाही, वजावट कशातून घेणार?

त्या १६ हजारांतून ७,७६९ गेले. नऱ्ह्यात कॉट बेसिसवर साडेचार हजार, मेसचे ३,२००. उरले पाचशेच्या आसपास, त्यात पीएमपीचा महिन्याचा पाससुद्धा निघत नाही. त्यामुळे पहिलं वर्ष हप्ता मी भरला. गावाकडे सगळे एकच विचारायचे, "सीरममध्ये लागला का?" जसं काही हडपसरला त्या लशीच्या कंपनीचं गेट उघडंच आहे.

नोकरीच्या बाजारात अडतं ते इथे. आमच्यासारख्या कंपन्यांच्या जाहिरातीत 'बी.एस्सी. मायक्रो' लिहिलेलं असतं. मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) बनवणं, प्लेटवरचे जंतू मोजणं, स्टरिलिटी म्हणजे निर्जंतुकपणाची आणि एंडोटॉक्सिन म्हणजे जंतूंच्या विषाची तपासणी, एवढंच रोज लागतं, आणि ते मायक्रोवाल्याच्या हाताला सवयीचं असतं. बायोटेकवाल्याला जनुक कापता येतं, पण ते कापायला बोलावतंय कोण? ते काम संशोधन संस्थांत, पाषाणला एनसीएल, आयसरमध्ये, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएसमध्ये, आघारकरमध्ये चालतं, आणि तिथली खरी वाट एम.एस्सी., नेट परीक्षेवरून जाते. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली की जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहेत. म्हणजे बायोटेकची बी.एस्सी. ही अर्धीच वस्तू आहे, उरलेली अर्धी वेगळी घ्यावी लागते. अर्ध्या वस्तूवरच कर्ज संपवलं की पुढच्या अर्ध्यासाठी बँकेत कोणत्या तोंडाने जायचं? भावाचं तेच झालं. एम.एस्सी. राहिली. तो आता खराडीत मेडिकल कोडिंग करतो, अमेरिकेतल्या रुग्णांच्या कागदांना आयसीडीचे (आजारांच्या यादीचे) कोड लावतो, हातात २४ हजार. "ताई, शरीररचना कामाला आली, पीसीआर नाही," म्हणतो. खूश आहे, हप्ता स्वतः भरतो, मी गप्प बसते.

माझं मत: शिक्षणाला चार तारे, किमतीला दीड. जीवशास्त्र आवडत असेल तर जरूर घ्या, पण पदवी अनुदानित तुकडीतून, मायक्रो, झूलॉजी किंवा बॉटनी, आणि कर्जाची ताकद एम.एस्सी.साठी राखून. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शाहू महाराज शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, आठ लाखांपर्यंत उत्पन्न चालतं. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेचं नाव ऐकून हुरळू नका, ती २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली आणि निवडक संस्थांपुरतीच आहे. आधी आपलं कॉलेज यादीत आहे का बघा.

अनुदानित तुकडीची यादी बारावीच्या गुणांवर लागते. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घाबरून लगेच शेजारच्या खिडकीत बायोटेकची पावती फाडू नका. दुसरी यादीही लागते.