मॉन्स्टेरा की कॅलाथिया: घरात कोणतं झाड आणावं?

नर्सरीत ही दोन्ही झाडं बहुतेक वेळा शेजारी-शेजारीच दिसतात. दोन्हींवर ‘घरात ठेवायचं झाड’ अशी चिठ्ठी असते आणि दोन्हींची पानं बघून पाय थबकतात. स्वभाव मात्र दोघांचे दोन टोकांचे. मॉन्स्टेरा थोडीफार हयगय पोटात घालतो, पण जागा खातो. कॅलाथिया छोट्याशा टेबलावर मावते, पण हवा आणि पाणी मनासारखं नसेल तर महिन्याभरात पानांच्या कडा करपवून दाखवते. आयुष्यातलं पहिलंच घरातलं झाड घेत असाल तर माझं मत सरळ मॉन्स्टेराच्या बाजूने आहे. अपवाद दोनच: घरात मांजर-कुत्रं असेल तर, किंवा जागाच नसेल तर.

हा फरक दोघांच्या मूळ घरातून आलाय. मॉन्स्टेरा डेलिसिओसा हा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलातला वेल. तो जमिनीवर उगवतो, जवळच्या झाडाचा बुंधा पकडतो आणि हवेतल्या मुळांच्या आधाराने उजेडाकडे वर चढत जातो. वर जाईल तशी हवा मोकळी, ऊन जास्त, पाणी पावसाच्या भरवशावर. कॅलाथिया राहते त्याच तऱ्हेच्या जंगलाच्या तळाशी. तिच्या बऱ्याच जाती दक्षिण अमेरिकेतल्या, ऑर्बिफोलिया बोलिव्हियाची, मोरपिसासारखी नक्षी असलेली मकोयाना ब्राझीलची. तिथे ऊन गाळून येतं, हवा सदा ओलसर आणि माती कधी ठणठणीत कोरडी पडत नाही. एकाला चढउतारांची सवय आहे, दुसरीला नाही. (२०१२ साली कॅलाथियाच्या पुष्कळ जाती गोपर्टिया या प्रजातीत हलवल्या गेल्या. चिठ्ठीवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका, झाड तेच आहे.)

उजेड

खोलीतल्या उजेडाच्या बाबतीत आपला डोळा साफ फसवतो. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो आणि दिवे लावलेल्या ऑफिसात ३०० ते ५००. आपल्याला दोन्हीकडे छान दिसतं, झाडाला मात्र तो मेजवानी आणि उपास यांच्यातला फरक वाटतो. मॉन्स्टेरा खिडकीला लागूनच हवा, सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर उत्तमच. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवला तर तो मरत नाही, पण पेरं लांबलांब पडतात, देठ खिडकीकडे झुकतात आणि पानं छोटी, अखंड येतात. ‘माझ्या मॉन्स्टेराच्या पानाला छेद का पडत नाहीत’ या नेहमीच्या तक्रारीचं उत्तर एकतर रोप लहान आहे किंवा उजेड कमी आहे. उलगडलेल्या पानाला नंतर नवे छेद पडत नाहीत. पान कळीत अगदी इवलंसं असतानाच ठरावीक जागच्या पेशी मरतात आणि तिथे भोकं राहतात. म्हणून कुंडी आज उजेडात सरकवली तरी फरक दिसेल तो पुढच्या पानांत.

कॅलाथियाला खिडकीपासून दोन पावलं मागे किंवा पातळ पडद्याआड ठेवा. थेट ऊन लागलं तर पानांवरची नक्षी विटते. पण ‘कमी उजेडातलं झाड’ म्हणून तिला अंधाऱ्या पॅसेजमध्ये ठेवू नका. उजेड कमी तितकं ती पाणी कमी पिते, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात.

पाणी आणि हवा: खरा निकाल इथेच लागतो

मॉन्स्टेराला पाणी घालण्यात अवघड काही नाही. बोट मातीत घालून बघा. वरची ५ सेंटिमीटर माती कोरडी लागली की कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. एखादा आठवडा विसरलात तर पानं जराशी मलूल होतील, पाणी मिळालं की पुन्हा तरतरीत. त्याचा जीव जातो तो अती पाण्याने. खालची पानं एकामागून एक पिवळी पडत असतील आणि माती ओली असेल, तर हात आखडता घ्या.

कॅलाथियाचं गणित अरुंद आहे. वरचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर थर सुकला की पाणी द्यायचं, त्याच्या आधी नाही आणि फार नंतरही नाही. शिवाय पाणी कोणतं हाही प्रश्न असतो. नळाच्या पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड पानांच्या टोकांशी साठत जातात आणि ती टोकं तपकिरी पडतात. पाणी रात्रभर बादलीत ठेवण्याचा सल्ला सगळे देतात. त्याने साधा क्लोरीन उडून जातो, पण क्षार आणि फ्लोराइड तिथेच राहतात. उकळून तर फ्लोराइड कमी होण्याऐवजी, पाणी आटतं तसं, किंचित वाढतंच. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरा. आरओ यंत्रातून बाजूला निघणारं टाकाऊ पाणी मात्र हिला चुकूनही नको, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की चांगलं पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढा. खतही पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मंच.

हवेचंही तसंच. मॉन्स्टेरा ४० टक्के आर्द्रतेत मजेत राहतो. कॅलाथियाला ५० च्या वर हवी, ६० असेल तर ती खुलते. एसी किंवा हीटरच्या झोतात तिच्या कडा कागदासारख्या कुरकुरीत होतात. रोज फवारा मारणं हे बरंचसं स्वतःचं समाधान आहे, कारण तो ओलावा काही मिनिटांत उडून जातो. ह्युमिडिफायर लावा, चार कुंड्या घोळक्याने ठेवा किंवा खिडकी असलेल्या बाथरूममध्ये तिला जागा द्या. यातलं काहीच शक्य नसेल तर कॅलाथिया घेऊ नका. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. पानाच्या आकाराला धरून कात्रीने कापायची, एवढंच हातात उरतं.

एवढे नखरे लोक का सहन करतात, हे संध्याकाळी कळतं. दिवसा आडवी पसरलेली पानं अंधार पडता पडता उभी राहू लागतात आणि अनेक जातींत पानांची जांभळी पाठ दिसू लागते. पान आणि देठ जिथे जुळतात तिथे नीट बघा, एक छोटासा फुगीर सांधा दिसेल. त्यातल्या पेशींमध्ये पाणी आत-बाहेर होतं आणि पान वर-खाली होतं. खोली शांत असेल तर पानं एकमेकांना घासल्याची हलकी सळसळही ऐकू येते. मॉन्स्टेरा असं रोजचं काही दाखवत नाही. त्याची गंमत नव्या पानात असते. आधीच्या देठाच्या खोबणीतून फिक्कट हिरवी सुरळी निघते आणि ती उलगडली की यंदा किती छेद आलेत ते मोजायचे.

बाकीचं

जागेचा अंदाज लोक हमखास चुकवतात. मॉन्स्टेरा उंच होण्याआधी आडवा पसरतो, घरातही एकेक पान हातभर होऊ शकतं. मॉस स्टिकला (शेवाळ गुंडाळलेल्या काठीला) बांधला तर तो वर जातो आणि पानंही मोठी येतात. हवेतली मुळं विद्रूप वाटली तर कुंडीत वळवा किंवा कापा, झाडाचं काही बिघडत नाही. ‘मिनी मॉन्स्टेरा’ म्हणून विकलं जाणारं रोप पुष्कळदा राफिडोफोरा टेट्रास्पर्मा असतं. ते मॉन्स्टेरा नसलं तरी अरुंद जागेसाठी चांगलं आहे.

मांजर-कुत्र्यांचं आधी सांगितलंच. मॉन्स्टेराच्या पानात आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते. राफिडोफोराही त्याच अळूच्या कुळातला, त्यामुळे इथे त्याचाही उपयोग नाही. कॅलाथिया मांजर-कुत्र्यांसाठी विषारी नाही. पानं कुरतडणारं मांजर घरात असेल तर वरचे सगळे मुद्दे बाजूला ठेवून कॅलाथियाच घ्या.

कीड कॅलाथियाला जास्त. कोरड्या हवेत लाल कोळी पानांच्या पाठीवर बारीक जाळी करतात आणि पानावर फिकट ठिपके उठतात. दर आठवड्याला पानांची पाठ पाण्याच्या धारेने धुतली तर बराचसा बंदोबस्त होतो. मॉन्स्टेरावर फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण येतात, पण रुंद पान पुसून काढायला सोपं. रोपं वाढवायची असतील तर मॉन्स्टेराच्या फांदीचा, जिथून पानाचा देठ फुटतो तो सांधा असलेला तुकडा पाण्यात ठेवा. नुसत्या पानाला मुळं फुटली तरी कोंब कधी येत नाही. कॅलाथियाचे गड्डेच वेगळे करावे लागतात.

हवा शुद्ध होईल म्हणून कोणी घेत असेल तर दोघांचाही फारसा उपयोग नाही. झाडं हवा स्वच्छ करतात म्हणून ज्याचा दाखला देतात तो नासाचा १९८९ चा गाजलेला अभ्यास बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात हिशेब मांडलाय, की नेहमीच्या वायुविजनाइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील.

कॅलाथियावरच मन बसलं असेल तर सुरुवात लांब, नागमोडी पानांच्या लॅन्सिफोलियाने करा, ती त्यातल्या त्यात सोशिक. पांढरे पट्टे असलेली व्हाइट फ्यूजन मागाहून. मॉन्स्टेरातही पांढऱ्या ठिपक्यांचं रोप पहिल्यांदा नको, पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं आणि तोच आधी करपतो. घेताना पान उलटं करून पाठ बघा आणि मधोमध नवी सुरळी आहे का तेही बघा. घरी आणल्या आणल्या कुंडी बदलायची घाई करू नका. पहिल्या काही आठवड्यांत कॅलाथियाने एखाद-दुसरं पान टाकलं तर घाबरून पाणी वाढवू नका, आधी मातीत बोट घालून बघा.