प्लेराइट: मोठ्या कंपनीच्या टेस्टिंगला कितपत पुरतं?
वेबसाइट ब्राउझरमध्ये आपोआप चालवून तपासणारं, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं प्लेराइट हे साधन फुकट आहे, पण मोठ्या कंपनीत पैसा जातो तो कारण नसताना पडणाऱ्या टेस्ट निस्तरण्यात. इथे ते सेलेनियम या त्याच कामाच्या जुन्या साधनापेक्षा सरस वाटतं. बटण दिसतंय, स्थिर आहे, झाकलेलं नाही, एवढं तपासूनच ते क्लिक करतं. त्यामुळे जागोजागी पेरलेले ‘स्लीप’, म्हणजे ठरावीक सेकंद थांबण्याच्या सूचना, काढून टाकता येतात. पडलेल्या टेस्टच्या ट्रेसमध्ये, म्हणजे नोंदीत, प्रत्येक पायरीचं पान आणि नेटवर्क कॉल दिसतात. मात्र ट्रेस पडलेली टेस्ट पुन्हा चालते त्या पहिल्या रीट्रायपुरताच ठेवा, सरसकट चालू ठेवला तर वेग आणि डिस्क दोन्ही खातो.

खरी डोकेदुखी प्रॉक्सीमागे, म्हणजे बाहेरचं इंटरनेट कंपनीच्या मधल्या सर्व्हरमधून येतं तिथे. प्रत्येक आवृत्तीला तिचे ठरावीक ब्राउझर लागतात. पॅकेज अपडेट झालं आणि ब्राउझर उतरले नाहीत की टेस्ट आपोआप चालवणारी अख्खी पाइपलाइन ठप्प. म्हणून हे ब्राउझर कंपनीच्या अंतर्गत सर्व्हरवर ठेवा. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवण्याची सोय) क्रोमियम (क्रोमचा मूळ ब्राउझर) अधूनमधून कोसळत असेल तर आधी शेअर्ड मेमरी कमी पडतेय का ते तपासा. लॉगिन एकदाच करून सेशन साठवा, पण सर्व्हरवरचा डेटा बदलणाऱ्या समांतर टेस्टना वेगवेगळी खाती द्या.

प्लेराइटमधलं वेबकिट (सफारीमागचं इंजिन) म्हणजे आयफोनवरची सफारी नव्हे. सॅप या कंपनी-व्यवहाराच्या सॉफ्टवेअरचा डेस्कटॉप क्लायंट किंवा नेटिव्ह (ब्राउझरशिवाय चालणारं) मोबाइल ॲप तपासायचं असेल, तर हे घेऊच नका. मोबाइलसाठी ॲपियम आहे.