तेलकट चेहऱ्यासाठी कवचबंद सीबीडी घ्यावं, की नायसिनमाइडवर भागतं?

तेलकट त्वचेसाठी जेल किंवा सीरम करायचं ठरवलंय आणि त्यात सीबीडी, म्हणजे भांगेच्या झाडातलं कॅनाबिडिऑल, घालायचं मनात आहे, तर समोर तीन वाटा असतात. तेलात विरघळवलेलं साधं सीबीडी, सूक्ष्म कणांच्या कवचात बंद केलेलं सीबीडी, किंवा सीबीडीचा नाद सोडून नायसिनमाइड (ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) आणि झिंक पीसीए (जस्ताचा पाण्यात विरघळणारा क्षार). आमचं मत आधीच सांगतो. पहिली वाट तेलकट त्वचेसाठी बाद आहे. खरी निवड उरलेल्या दोघांत, आणि बहुतेकांनी सुरुवात तिसरीपासून करावी.

त्याआधी एक घोळ निस्तरू. भांगेच्या बियांचं तेल म्हणजे सीबीडी नव्हे. बियांत सीबीडी जवळजवळ नसतंच. त्या तेलात अर्ध्याहून जास्त लिनोलिक आम्ल असतं, ते तेलकट त्वचेला मानवतंही, पण उघडं राहिलं की लवकर खवट होतं. बाटलीवर पानाचं चित्र आणि आत बियांचं तेल असेल, तर त्याला सीबीडीचा भाव देऊ नका.

साधं सीबीडी कुठे अडतं

सीबीडी पाण्यात विरघळत नाही. चेहऱ्यावर आणायचं तर सोबत तेल आलंच. पुण्यात एप्रिलच्या उन्हात स्कार्फ घट्ट बांधून हडपसरहून हिंजवडीला दुचाकीवर जाणाऱ्या मुलीच्या गालांवर आधीच घाम, धूळ आणि स्वतःचं तेल असतं. त्यावर आणखी तेलाचा थर तिला आठवडाभरही सोसणार नाही.

दुसरी अडचण टिकण्याची. उजेड आणि हवा लागली की सीबीडीचं ऑक्सिडेशन होतं आणि रंग गुलाबी-जांभळ्याकडे झुकतो. पीएच (आम्ल-क्षारपणा मोजणारा आकडा) क्षाराकडे गेला तर हे फारच झपाट्याने होतं. पांढरं जेल महिन्याभरात जांभळट दिसू लागलं, तर आधी पीएच मोजा, मग बाटली पारदर्शक आहे का ते पाहा.

पुरावा कोणाकडे किती

सीबीडीची बाजू मुख्यतः २०१४ सालच्या कामावर उभी आहे. हंगेरीतल्या डेब्रेत्सेन विद्यापीठात तामाश बीरो यांच्या गटाने माणसाच्या तेलग्रंथींच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर सीबीडी वापरलं. पेशींनी वाजवीपेक्षा जास्त चरबी तयार करणं कमी झालं आणि दाहही उतरला. काम भक्कम आहे, पण ते पेशींवरचं. तिथली मात्रा १० मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला साधारण ३ मिलिग्रॅम. कोणत्याही सीरममध्ये याच्या कितीतरी पट सीबीडी असतं. म्हणून खरी अडचण किती घालायचं ही नाही, घातलेलं तेलग्रंथीपर्यंत पोचतं का ही आहे. सीबीडी इतकं तेलप्रेमी आहे, की ते त्वचेच्या वरच्या मृत थरातच अडकून बसतं.

नायसिनमाइडची चाचणी थेट माणसांच्या चेहऱ्यांवर झाली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ टक्के नायसिनमाइड लावणाऱ्या जपानी गटात सीबम (त्वचेचं तेल) स्रवण्याचा वेग दोन ते चार आठवड्यांत कमी झाला. ते पाण्यात सहज विरघळतं, स्वस्त आहे आणि पीएच ५.५ ते ६.५ मध्ये छान टिकतं. सॅलिसिलिक आम्लाचं काम वेगळं. तेल कमी करणं हे त्याचं मुख्य काम नाही, ते रोमछिद्रात साचलेलं मोकळं करतं.

कवचाने काय साधतं

दोन गोष्टी नक्की साधतात: तेलाचा थर न देता सीबीडी पाणीदार जेलमध्ये बसतं, आणि हवा-उजेडापासून त्याला आडोसा मिळतो. कणांचा आकार योग्य असेल तर चोळून लावल्यावर ते रोमछिद्रात उतरतात, आणि तेलग्रंथी तिथेच उघडते. पण तिथे उतरल्यावर तेल किती घटतं, हे विक्रेत्याने माणसांवर मोजून दाखवलं नसेल, तर त्याचा शब्द खरेदीला पुरेसा समजू नये.

बाजारात मुख्यतः तीन कवचं भेटतात. लायपोसोम लेसिथिनचं (सोयाबीनसारख्यातून मिळणाऱ्या चरबीचं) असतं आणि त्वचेला मऊ वाटतं, पण नाजूक. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे साखरेच्या कड्याचं कवच. ते दणकट असतं, मात्र पॅराबेनसारखं परिरक्षकही (जेल नासू न देणारा पदार्थ) त्याच कड्यात शिरतं आणि जेलला बुरशी धरू शकते. घन चरबीच्या नॅनोकणांत सीबीडी बरं टिकतं, पण साठवणीत चरबीचे स्फटिक घट्ट होत गेले की आतलं सीबीडी बाहेर ढकललं जातं. पाणीदार जेलसाठी आम्ही लायपोसोम निवडू, अट एकच: बनवणाऱ्याने शिस्त पाळावी.

खरेदी करताना टक्क्यांचा हिशेब नीट करा. लेबलवर ‘५ टक्के सीबीडी लायपोसोम’ असेल आणि त्या लायपोसोममध्ये सीबीडी १० टक्के असेल, तर जेलमध्ये खरं सीबीडी ०.५ टक्केच. ३० ग्रॅमच्या बाटलीत १५० मिलिग्रॅम. भाव किलोला विचारू नका, ग्रॅमभर सीबीडीला किती पडतो ते काढा. कागदपत्रांत त्या बॅचचं एचपीएलसी (सीबीडी किती आहे ते मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी), टीएचसीचं (भांगेतल्या नशा आणणाऱ्या घटकाचं) प्रमाण, कणांचा सरासरी आकार आणि पॉलीडिस्पर्सिटी (कणांचे आकार किती वेगवेगळे आहेत तो आकडा) मागा. हा शेवटचा आकडा ०.३ च्या वर असेल तर कण एकसारखे नाहीत. खाली साका बसण्याची शक्यता जास्त.

१०० ग्रॅमची चाचणी बॅच अशी करता येईल: हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज (जेल घट्ट करणारं) १ ग्रॅम, ग्लिसरीन ३, नायसिनमाइड ४, डायसोडियम ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं) ०.१, फिनॉक्सीइथेनॉल (परिरक्षक) ०.८, १० टक्के सीबीडीचं लायपोसोम २ ग्रॅम, बाकी डिस्टिल्ड पाणी. वाघोली-उंड्रीकडचं टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी अजिबात नको. त्यातल्या कॅल्शियमने लायपोसोमचे कण एकमेकांना चिकटतात. आधी जेल पूर्ण तयार करून थंड करा, पीएच ६ च्या आसपास आणा आणि लायपोसोम सगळ्यात शेवटी, ४० अंशांच्या खाली, हाताने किंवा मंद ढवळणीने मिसळा. होमोजिनायझर (जोरात घुसळणारं यंत्र) लावला, अल्कोहोल घातलं किंवा साबणासारखं फेसाळ सर्फॅक्टंट आलं, की कवच फुटतं आणि वर तेलाचे ठिपके दिसतात.

झिंक पीसीए याच बाटलीत घालायचा मोह होतो. झिंकचे दुहेरी भाराचे आयन लायपोसोमला गोळा करतात, आणि जेल कार्बोमरचं (घट्टपणा आणणाऱ्या दुसऱ्या एका पदार्थाचं) असेल तर तेही पातळ होऊन ढासळतं. झिंक वेगळ्या बाटलीत ठेवा. सॅलिसिलिकही वेगळंच, कारण त्याला लागणाऱ्या ३ ते ४ पीएचला लेसिथिन हळूहळू तुटतं. भरताना अपारदर्शक एअरलेस (आत हवा न शिरू देणारा) पंप वापरा. तीन महिने ४० अंशांना ठेवलेल्या बाटल्यांत सीबीडी किती उरलं हे एचपीएलसीने मोजल्याशिवाय लेबलवर टक्के छापू नका.

कागदाची बाजू

इथे नायसिनमाइड सरळ जिंकतं. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात भांगेच्या झाडाचा राळेसारखा चीक आणि फुलोऱ्याचे शेंडे बंदीत येतात. शेंड्यांपासून सुटी केलेली पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत. पानांचा अर्क ‘विजया’ या नावाने आयुर्वेदिक औषध म्हणून परवान्यावर विकला जातो, पण तो औषधाचा परवाना. सौंदर्यप्रसाधनाचा परवाना २०२० च्या नियमांखाली वेगळा घ्यावा लागतो, आणि एकाच्या जोरावर दुसरं चालत नाही. अर्क झाडाच्या कोणत्या भागाचा, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि ते कागद घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे आधी विचारणा करा. कच्चा माल त्यानंतर. लेबलवर ‘मुरूम बरे करते’ असं लिहिलंत तर तो औषधाचा दावा होतो.

मग कोणी काय घ्यावं

फक्त तुकतुकी आणि उघडी रोमछिद्रं ही तक्रार असेल, तर ४ टक्के नायसिनमाइडचं जेल, आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री सॅलिसिलिक. एवढ्यावर थांबा. तेलासोबत लाली आणि जळजळ असेल, स्कार्फ किंवा हेल्मेटच्या पट्ट्याखाली पुटकुळ्या येत असतील आणि सॅलिसिलिक सोसत नसेल, तिथे नायसिनमाइडमध्ये ०.२ टक्के कवचबंद सीबीडीची भर घालून पाहायला आमची हरकत नाही. लालसर, दुखऱ्या गाठी असतील तर नायसिनमाइड आणि सीबीडी दोन्ही बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

फरक पाहायचा तर अर्धा चेहरा सीबीडीसह आणि अर्धा नुसत्या नायसिनमाइडवर ठेवा, चार आठवडे. त्याआधी कोपराच्या आत ४८ तास लावून त्रास होत नाही ना ते बघा. रोज सकाळी तोंड धुतल्यावर दोन तासांनी दोन्ही गालांवर ब्लॉटिंग पेपर टेका आणि डाग तारीख घालून जपून ठेवा. चाचणी जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू करू नका. पावसाची दमट हवा सुरू झाली की दोन्ही गालांचे डाग एकदम बदलतात, आणि हवेचा परिणाम कुठला, जेलचा कुठला, हे सांगता येत नाही.