ब्रॅबझन : तळ्याच्या तिरक्या काठावरची परीक्षा

गोल्फच्या समुद्रकाठच्या वाळूवरील लिंक्स मैदानांत वाऱ्याशी झुंजावे लागते, पण जमीन टणक असल्यामुळे चेंडू ग्रीनपर्यंत, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतापर्यंत, घरंगळत नेण्याची सोय असते. पार्कलँड मैदान ही सोय देत नाही. आतल्या प्रदेशातील मऊ माती, दाट गवत आणि झाडांच्या रांगा यांमुळे तेथे चेंडू हवेतूनच न्यावा लागतो आणि जेथे पडेल तेथेच तो बहुधा थांबतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या द बेल्फ्री या रिसॉर्टमधील ब्रॅबझन हे याच जातीचे मैदान आहे. 1985, 1989, 1993 आणि 2002 असा चार वेळा येथे युरोप आणि अमेरिका यांच्या संघांमधला रायडर कप खेळला गेला असून हा मान दुसऱ्या कोणत्याही मैदानाला मिळालेला नाही. तरीही येथे खेळण्यासाठी सभासदत्व लागत नाही, हे आमच्यासारख्या हौशी खेळाडूंचे भाग्यच म्हणायचे.

येथील आजची झाडी पाहून एखाद्या जुन्या जहागिरीच्या उद्यानात आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पीटर अ‍ॅलिस आणि डेव्ह थॉमस यांनी आखणी केली तेव्हा येथे बटाट्याची शेते होती आणि मैदान सुरू झाले ते 1977 मध्ये. ही पार्श्वभूमी ठाऊक असली की आखणीचे मर्म लवकर उलगडते. सपाट शेतात नैसर्गिक चढउतार नाहीत आणि नवी झाडे वाढायला वर्षे लागतात, त्यामुळे अडचण उभी करण्यासाठी आखणीकारांना मुख्यतः पाण्याचा आधार घ्यावा लागला. माझ्या मते ब्रॅबझनचे सामर्थ्य त्या पाण्यात आहे, झाडांत नाही. झाडे फक्त चुकलेल्या फटक्याला शिक्षा करतात. पाणी मात्र फटका मारण्यापूर्वीच विचार करायला लावते.

पहिल्या नऊ होलांविषयी फार लिहिण्यासारखे नाही (होल म्हणजे टी या सुरुवातीच्या जागेपासून ग्रीनवरच्या खड्ड्यापर्यंतचा एकेक टप्पा). ग्रीनला तळे चिकटलेला पार-5 चा, म्हणजे पाच फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेला, तिसरा होल सोडला, तर सरळ फेअरवे (कापलेल्या गवताचा मुख्य मार्ग) आणि दोन्ही अंगांना बंकर (वाळूचे खड्डे) हा साचा इतका सारखा येतो की घरी परतल्यावर कोणता होल कोणता हे मला आठवेना.

दहावा होल मात्र जगप्रसिद्ध आहे. लांबी सुमारे 310 यार्ड, ग्रीन अरुंद, त्याच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला झाडे. 1978 मध्ये स्पेनचे खेळाडू सेव्हे बालेस्टेरोस यांनी टीवरून एकाच फटक्यात चेंडू या ग्रीनवर पोहोचवला आणि तेव्हापासून येथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो मोह असतोच. पण खरे सांगायचे तर माझ्यासारख्या 18 हँडिकॅपच्या, म्हणजे बेताच्याच कुवतीच्या, खेळाडूला मागच्या टीवरून हा मोह पुरवता येण्याजोगा नाही. उरतो तो सात नंबरच्या आयर्नचा (मध्यम पल्ल्याच्या काठीचा) बेताचा फटका आणि मग पाण्यावरून वेजचा आखूड, उंच फटका. म्हणजे दंतकथेच्या वाट्याचे थोडे आणि शिस्तीचे जास्त. हा होल खऱ्या अर्थाने खेळायचा असेल तर पुढची टी घ्यावी, त्यात कमीपणा मानू नये.

खरी कमाल अठराव्या होलची आहे. टीसमोरचे तळे आडवे नाही, तिरके आहे, आणि फेअरवे त्याच्या काठाकाठाने डावीकडे वळत जातो. जितके डावीकडे नेम धराल तितके जास्त पाणी ओलांडावे लागते, पण दुसरा फटका तितकाच आखूड होतो. उजवीकडे सुरक्षित जावे, तर पुन्हा पाण्यावरूनच जाणारा दुसरा फटका नको इतका लांब होतो. किती धोका पत्करायचा याचे माप प्रत्येकाने स्वतःच ठरवावे, अशी ही रचना आहे आणि ती व्यावसायिकाला व हौशी खेळाडूला एकच प्रश्न विचारते. 1989 च्या रायडर कपच्या शेवटच्या दिवशी पेन स्टुअर्ट आणि मार्क कॅल्कावेक्किया यांच्यासारख्या अमेरिकी खेळाडूंचेही चेंडू याच तळ्यात गेले. त्याच दिवशी युरोपच्या क्रिस्टी ओ'कॉनर ज्युनियर यांनी दोन नंबरच्या आयर्नने पाणी ओलांडून चेंडू खड्ड्यापासून जेमतेम चार फुटांवर ठेवला. 1985 मध्ये सॅम टॉरन्स आणि 2002 मध्ये पॉल मॅकगिन्ली यांनी युरोपसाठी करंडक निश्चित करणारे पट (ग्रीनवरून चेंडू खड्ड्याकडे घरंगळवण्याचे फटके) याच तीन पायऱ्यांच्या ग्रीनवर घातले.

त्या पायऱ्या दूरचित्रवाणीवर नीटशा जाणवत नाहीत. ग्रीनच्या खालच्या टोकाला उभे राहिले की मात्र वरच्या पायरीवरचा झेंडा एखाद्या गच्चीत रोवल्यासारखा दिसतो. टीवर मी नको तितका डावीकडे नेम धरला होता आणि चेंडू काठापासून हातभर अलीकडे डुबुक्‌ करून बुडाला. दंडाचा फटका मोजून दुसरा चेंडू मुकाट्याने उजवीकडे मारला, चौथ्या फटक्यात तळे ओलांडून खालची पायरी गाठली आणि पुढे तीन पट लागले. पहिला पट वरच्या कडेला जवळजवळ पोहोचला, क्षणभर थबकला आणि निवांतपणे माझ्या बुटांपाशी परत आला.