चॉकलेट-शेंगदाण्याची कॅन्डी: स्लो कुकर की गरम पाण्यावरचं पातेलं?

अमेरिकेत नाताळच्या सुमारास ही कॅन्डी अनेक घरांत स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, होते. दीड-दोन किलोचा घाट असेल तर मीही तोच काढते. तळाशी भाजलेले खारे दाणे, वर चॉकलेटचे तुकडे, 'लो'वर दीड-दोन तास, अधूनमधून ढवळणं. चिनी मातीचं जड भांडं ऊब धरून ठेवतं, त्यामुळे ६०-७० गोळे चमच्याने सावकाश घालेपर्यंत मिश्रण आळत नाही. मात्र झाकणाला वाफ धरते, आणि पाण्याचे चार थेंब पडले तरी चॉकलेट रवाळ, घट्ट होतं. झाकणाखाली कोरडा पंचा ताणून धरा, टोकं वर दुमडून.

पाव किलोसाठी पातेलंच बरं, दहा मिनिटांत चॉकलेट वितळतं. पण जागचं हलता येत नाही.

खरा फरक चॉकलेटचा. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी (कोकोच्या बियांतल्या स्निग्धांशाऐवजी) दुसरा वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो. ते कुकरमधूनही छान सेट होतं. अस्सल डार्क चॉकलेट मात्र ४५ अंशांवर वितळवून, २७-२८ला उतरवून, पुन्हा ३१-३२ला आणावं लागतं, नाहीतर पांढुरके डाग पडतात. त्यासाठी मी पातेलं आणि थर्मामीटरच घेते.