नवं पायथन: नऊ महिने आणि चौदाशे गोळ्यांनंतर

माझं म्हणजे कोल्टने २०२० मध्ये परत आणलेलं पायथन रिव्हॉल्व्हर, स्टेनलेस, सव्वाचार इंची बॅरल, .३५७ मॅग्नम काडतुसाचं. पहिल्या आठवड्यातच कौतुकाचे रिव्ह्यू लिहिणं मला जमत नाही म्हणून इतके दिवस थांबलो.

जुन्या पायथनशी तुलना करणार आहे, ती ऐकीव नाहीये. रेंजवर एक आजोबा येतात, त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातलं जुनं पायथन आहे आणि त्यांच्या कृपेने ते मी बऱ्यापैकी चालवलंय. त्याचं ते निळं-काळं पॉलिश म्हणजे आरसाच, नवं त्यापुढे फिकं, वादच नाही. पण आजोबा ते वर्षातून दोनदाच बाहेर काढतात, कारण १९५५ पासूनच्या त्या जुन्या मॉडेलची आतली जुळणी कारागिराच्या हाताची, सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं नळकांडं, फिरवणारा छोटा पार्ट झिजला की टायमिंग सुटतं, म्हणजे हॅमर (घोडा) पडायची वेळ आली तरी चेंबर (गोळीचा कप्पा) बॅरलसमोर पूर्ण लॉक झालेलं नसतं, आणि ते नीट करून देणारा माणूस शोधायला गेलं तर महिने जातात. नव्यात आतले पार्ट कमी केलेत, रिअर साइटखालची (नेम धरायच्या मागच्या खाचेखालची) फ्रेम जाड केलीये. मी दर महिन्याला टायमिंग तपासतो, अजून जसंच्या तसं आहे.

ट्रिगरबद्दल मात्र भांडण होऊ शकतं. जुन्याचा डबल अॅक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगर ओढूनच हॅमर उचलताना, शेवटी शेवटी जड होत जातो, आजोबांना तेच आवडतं, हॅमर कधी पडणार ते बोटाला आधी कळतं म्हणे. नव्याची ओढ शेवटपर्यंत एकसारखी. मला हेच बरं वाटलं, पण सवय व्हायला दोन महिने गेले, घाईत ट्रिगर पूर्ण पुढे न सोडताच परत ओढायचो आणि मग अडकलं म्हणून बंदुकीला शिव्या. चूक माझीच.

अजून एक माझीच चूक. रिकामी काडतुसं काढताना बॅरल आडवं धरायचो, न जळलेल्या पावडरचे कण एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या पार्टच्या) चांदणीखाली जाऊन बसले आणि सिलिंडर बंदच होईना. आता बॅरल सरळ वर करूनच एक्स्ट्रॅक्टरचा रॉड दाबतो. आणि हो, स्वस्त पडते म्हणून .३८ स्पेशल (याच चेंबरमध्ये बसणारी, पण आखूड) खूप मारत असाल तर चेंबर ब्रशने घासा, आत काजळीची रिंग जमते आणि मग लांब .३५७ ची काडतुसं जाताना-निघताना चिकटतात.

आधी स्मिथ अँड वेसन वापरत असाल तर अंगठा गोंधळणार, तिथे सिलिंडर उघडायचा लॅच पुढे ढकलायचा, इथे मागे ओढायचा. वजन १२०० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे मॅग्नमचा झटका सुसह्य, पण कमरेला दिवसभर लावून फिरायची ही वस्तू नाही. लाकडी ग्रिप दिसायला झकास, माझ्या हातात सरकते म्हणून रबरी लावली. पुढची साइट एका स्क्रूवर बदलते, तिथे फायबर ऑप्टिक बसवली.

गेल्या महिन्यात आजोबांनी माझं घेऊन दोन सिलिंडर रिकामे केले. बोलले काहीच नाहीत, तिसऱ्यासाठी गोळ्या मात्र माझ्याकडेच मागितल्या.